वाचकांचे प्रश्न : नको असलेली मासळी जाळ्यात येऊच नये म्हणून

ट्रॉलरच्या जाळ्यात येणारी बारकी, विकाऊ नसलेली मासळी आणि तिची होणारी नासाडी या विषयावर वडोदऱ्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. एकाचं उत्तर लांबलं आहे. मामला खरोखर अडतो तो तिथेच.

प्रश्न : वेरावळच्या एका ट्रॉलरमध्ये माझी भागी आहे. नियमाप्रमाणे खोल्याला ४० मि.मी. चौकोनी आसाचं (भोकाचं) जाळं लावलं. पहिल्या फेरीत करंदी गळून गेली, आणि पुढच्या फेरीपासून पुन्हा पहिल्यासारखा कुटा (बारकी, विकाऊ नसलेली मासळी) यायला लागला. तांडेल (बोटीचा प्रमुख) जुना खोला परत लावायचा म्हणतोय. चूक कुणाची? (रावपुरा)

जुना खोला लावू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून चूक जाळं शिवण्यात झालेली दिसते, आणि ती दुरुस्त होते.

खोला म्हणजे जाळ्याच्या शेपटाची पिशवी, सगळी मासळी शेवटी तिथेच साठते. कांद्याची जाळीदार पिशवी दोन टोकांना धरून ताणून बघा. शंकरपाळ्याच्या आकाराची भोकं मिटून चिरा होतात. पाण्यात ओढ बसली की नेहमीच्या खोल्याचं असंच होतं. आस कागदावर ४० मि.मी.चा असला तरी पिल्लाला बाहेर पडायला वाट राहत नाही. तीच पिशवी तिरकी धरून ताणली तर भोकं चौकोनी राहतात. गुजरातच्या २००३ च्या मत्स्योद्योग कायद्याखालच्या नियमांत खोल्याला किमान ४० मि.मी. चौकोनी आस सांगितला आहे तो यासाठीच.

आता तुमचा खोला. कुटा ‘पुढच्या फेरीपासून’ वाढला, म्हणजे पहिल्या फेरीत आस उघडे होते आणि नंतर मिटले. बाजारातलं गाठीचं जाळं तिरकं कापून चौकोनी आस केला की सगळा ताण लांबीच्या धाग्यांवर येतो, आडवे धागे सैल पडतात. भरलेला खोला दोनचार वेळा डेकवर उचलला की गाठी सरकतात आणि चौकोनाची लांबट चीर होते. म्हणून चौकोनी खोल्याला गाठरहित, विणीचं पॉलिइथिलीन जाळं घ्यावं. सुरुवातीला महाग पडतं, पण आकार धरून ठेवतं. गाठीचंच वापरायचं असेल तर गाठ दुहेरी आणि उष्णतेने बसवलेली हवी.

दुसरी जागा म्हणजे खोला आणि त्याच्या पुढचं जाळं यांचा जोड. पुढच्या भागाच्या घेरात समजा ४० मि.मी.चे २०० आस आहेत. पूर्ण ताणले तर ८ मीटर, पण ओढताना ते जेमतेम तीन दशांश उघडतात, म्हणजे घेर साधारण २.४ मीटर. ४० मि.मी. हे माप ताणलेल्या आसाचं, म्हणजे दोन बाजूंचं; तेव्हा चौकोनी आसाची एक बाजू २० मि.मी. म्हणजे तिथे १२० बाजू पुरतात, पाचास तीन. जाळं शिवणारा सवयीने एकास एक जोडतो, मग खोल्याचा घेर ४ मीटर होतो. तो सैल पडतो, त्याला घड्या पडतात, घडीवर घडी बसली की आसावर आस येतो आणि वाट बंद. तुमच्या जाळ्याचे आकडे वेगळे असतील, हिशेबाची रीत हीच.

तिसरी गोष्ट तांडेलाला सरळ विचारा : खोल्यावर झिजू नये म्हणून जुन्या जाळ्याचा तुकडा गुंडाळला आहे का? तळाला घासणाऱ्या खालच्या अंगाला अस्तर चालेल. वरच्या अंगाला लावलं तर चौकोनी आसाचा पैसा पाण्यात गेला, कारण पिल्लं मुख्यतः वरून आणि बाजूंनी सुटतात, तीही साठलेल्या मासळीच्या लगेच पुढच्या पट्ट्यात.

आस मोजायचा तो ओल्या जाळ्यावर, कर्णात ताणून, समोरासमोरच्या दोन गाठींच्या आतल्या कडांमध्ये; गाठरहित जाळ्यात गाठीऐवजी सांधा धरा. शिवणीजवळचे आणि दुरुस्त केलेले आस सोडून लांबीच्या दिशेने वीस मोजा आणि सरासरी काढा. गाठीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलं तर जाड दोऱ्यात प्रत्यक्ष भोक त्या मापाहून दोनतीन मिलिमीटरने कमी भरतं.

राहिली करंदी. ती थोडी जाणारच, ते मान्य करून हिशेब मांडा. एकाच पट्ट्यात, एकाच खोलीवर, दिवसाच्या एकाच वेळी, एक ओढ (जाळं सोडून वर घेईपर्यंतची) जुन्या खोल्याची आणि एक नव्याची, अशा निदान दहा जोड्या घ्या. प्रत्येक ओढीचं विक्रीचं वजन, कुट्याचं वजन, वर्गवारीला लागलेला वेळ आणि बर्फ लिहा. ओढ दोन तासांवर आणून बघा. चार तासांच्या ओढीत खोला चिखल आणि जेलीफिशने भरतो, मग कोणताही आस काम करत नाही आणि वरची चांगली मासळीही दबून उतरते. जाळ्याची निवड एका फेरीच्या रागावर करू नये, एवढं कळकळीने सांगतो.

प्रश्न : बाजारात तळहाताएवढी पापलेटं स्वस्तात मिळतात. मासेवाली म्हणते, आपण घेतली नाही तर फेकूनच देतील. मग घ्यावी का? (दांडिया बाजार)

ताई, घेऊ नका. मेलेलं पापलेट तुमच्या नकाराने जिवंत होणार नाही हे खरं, पण त्याला भाव मिळत राहिला तर पुढच्या फेरीलाही जाळं तिथेच पडेल.

महाराष्ट्राने सप्टेंबर २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवले. त्यात चंदेरी पापलेट १३५ मि.मी. हा नियम वडोदऱ्याच्या बाजाराला लागू नाही, मापाला मात्र हरकत कसली? मुलांच्या दप्तरातल्या १५ सें.मी.च्या पट्टीवर मासा ठेवला आणि दीड सेंटिमीटरहून जास्त जागा उरली, तर तो लहान.

पापलेटाच्या बाबतीत ग्राहकाचा नकार जास्त मोलाचा का, तेही सांगायला हवं. वर चौकोनी आसाची बाजू मांडली, पण तो फायदा गोल अंगाच्या माशांना होतो, उदाहरणार्थ राणी मासा. पापलेट उभट आणि चपटं. अशा अंगाला चिरेसारखा शंकरपाळी आसच बरा, चौकोनात ते अडकतं. तेव्हा त्याच्यासाठी उपाय जाळ्याबाहेरचे : पिल्लांचे उथळ पट्टे टाळणं, १ जून ते ३१ जुलै ही पश्चिम किनाऱ्याची बंदी पाळणं, आणि लहान पापलेटाला गिऱ्हाईक न मिळणं.

प्रश्न : युरोपात पकडलेले मासे परत समुद्रात टाकायला बंदी आहे. भारतात असा कायदा का नको? (प्राणिशास्त्राचा विद्यार्थी, महाराजा सयाजीराव विद्यापीठ)

नॉर्वेने १९८७ मध्ये कॉड आणि हॅडॉकपासून सुरुवात केली, युरोपीय संघाने २०१५ ते २०१९ अशी टप्प्याटप्प्याने केली. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०१९ च्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे ९१ लाख टन मासळी टाकली जाते, म्हणजे पकडलेल्यातली साधारण १०.८ टक्के, आणि त्यातली जवळपास निम्मी तळाच्या ट्रॉलची.

आपल्याकडे तो कायदा तसाच आणला तर नेम चुकेल. ट्रॉलर आठदहा दिवस समुद्रात असतो. सुरुवातीच्या दिवसांत बारकी मासळी फेकली जाते, कारण तिच्यासाठी बर्फ आणि जागा अडवणं परवडत नाही. शेवटच्या एकदोन दिवसांची मात्र बर्फाशिवायही ठेवतात, आणि ती बंदरावर ‘कुटा’ म्हणून फिशमीलला (खाद्यासाठीच्या मासळीच्या भुकटीला) जाते. सगळी किनाऱ्यावर आणायची सक्ती केली तर फेकण्याचा आकडा शून्य दिसेल आणि पिल्लं तेवढीच मरतील. ती कुठे टाकली हा पुढचा प्रश्न. मुळात ती का धरली, हे आधी विचारायला हवं.

प्रकल्प करायचा असेल तर बंदरावर कुट्याच्या ढिगाच्या तीन वेगवेगळ्या थरांतून मिळून दहा किलो नमुना घ्या. जातवार वेगळा करा आणि विकाऊ जातींची (राणी, वाकटी, ढोमा, माकूल) लांबी मोजा. ढीग वरवर चाळून घेतलेला नमुना फसवतो, कारण बारकी पिल्लं खाली घसरतात. कोणत्या बोटीचा, फेरीच्या कितव्या दिवसाचा माल, हे विचारून लिहा. ते नसेल तर बाकी मोजणीतून काही हाती लागत नाही.

प्रश्न : आमच्या कुक्कुटखाद्याच्या धंद्यात फिशमील लागतं. आम्ही काय करू शकतो? (मकरपुरा)

एक किलो फिशमीलला साधारण चार ते पाच किलो ओली मासळी जाते. पुरवठादाराला लेखी विचारा, माल अख्ख्या कुट्याचा की प्रक्रिया कारखान्यातल्या डोकी-काट्यांचा. वेरावळच्या सुरिमी (माशाचा धुतलेला खिमा) कारखान्यांत राणी माशाचा निम्म्याहून जास्त भाग मागे उरतो. त्याचं मील घ्या. त्यात राख जास्त आणि प्रथिनं कमी असतात, म्हणून प्रत्येक लॉटची तपासणी करून सोया पेंडीचं प्रमाण बसवावं लागेल.

प्रश्न : मोठे प्राणी, म्हणजे कासव आणि व्हेल शार्क, जाळ्यात आले तर? (वाडी)

कासवांसाठी कोळंबीच्या ट्रॉलमध्ये खोल्याच्या पुढे गजांची तिरकी जाळी बसवतात. गजांमधलं अंतर १० सें.मी.पर्यंत, उतार ४५ अंशांच्या आसपास. कोळंबी गजांतून मागे जाते, कासव गजांवरून घसरून झडपेतून बाहेर पडतं. उतार फार उभा झाला तर कासव गजांवरच दाबलं जातं, फार आडवा झाला तर कोळंबी झडपेतून गळते. तांडेलांची ‘माल जातो’ ही तक्रार बऱ्याचदा इथली असते. अमेरिकेने १९८९ च्या कायद्यापासून समुद्रातल्या कोळंबीच्या आयातीला ही अट घातली आहे, तेव्हा हा निर्यातीचाही सवाल आहे.

व्हेल शार्क २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. २००४ पासून गुजरातच्या किनाऱ्यावर त्याला वाचवायची ‘व्हाली’ मोहीम चालली, आणि ज्या बंदरांत त्याची शिकार व्हायची तिथलेच मच्छीमार आता जाळं कापून त्याला सोडतात. तुमच्या ओळखीचं कुणी बोटीवर असेल तर एवढं सांगा : शेपटीला दोर बांधून बोटीमागे ओढू नका. बोट थांबवा, अंगावरचं जाळं डोक्याच्या बाजूने कापत जा, कल्ले आधी मोकळे करा. आणि कापण्याआधी व सोडल्यावर असे दोन फोटो घ्या, कारण जाळ्याची भरपाई वन खात्याकडे मागताना तेच पुरावा म्हणून लागतात.