ठिपक्यांचा नकाशा बदलला, तर आधी एक्स्पोर्ट मागा

तुमचा प्रश्न वाचून जुना ताप आठवला. तुमच्याकडे आलेल्या तक्रारींच्या ईमेलचा नकाशा (प्रत्येक ईमेल एक ठिपका, सारखे ईमेल जवळजवळ) सॉफ्टवेअर कंपनीने करून दिला, त्यातला ठिपक्यांचा सगळ्यात मोठा पुंजका रिपोर्टात गेला, महिन्याभराने डॅशबोर्ड उघडला तर त्याचे तीन तुकडे. डेटा तोच. आणि वरिष्ठ विचारतायत, तेव्हाचं खोटं की आत्ताचं?

बहुधा दोन्ही खोटं नाही. असे नकाशे बरेचदा टी-एसएनई (२००८) किंवा यूमॅप (२०१८) या पद्धतींनी काढतात. प्रत्येक ईमेलचे शेकडो आकडे होतात; असा शेकडो मितींमधला डेटा कागदाच्या दोन मितींत दाबायचा म्हटलं की काहीतरी वाकणारच, शिवाय या पद्धतींत यादृच्छिकपणाही असतो. शेजारी-शेजारी पडलेले ठिपके बऱ्यापैकी विश्वासाचे. पण पुंजका किती पसरलाय, दोन पुंजक्यांत किती अंतर आहे, यावरून मीटिंगमध्ये विधानं करू नका. त्यात कंपनीने मजकुराचे आकडे करणारं मॉडेल मागच्या मागे बदललं असेल, तर सगळाच नकाशा हलतो.

आमचंही नेमकं हेच झालं होतं. नकाशा हलला याचा त्रास नव्हता, तो समजावता आला असता. आम्ही फक्त एवढंच मागितलं की कुठला ईमेल कुठल्या पुंजक्यात होता, त्याची यादी द्या. उत्तर आलं, चित्र आणि पीडीएफ मिळेल, बाकी आमची बौद्धिक संपदा. अहो, मजकूर आमचा, आणि पुंजक्यांना नावंसुद्धा आमच्याच माणसांनी शेकडो ईमेल वाचून दिलेली! सपोर्टवाला दर वेळी नवा, दर वेळी आधी स्क्रीनशॉट मागणार, मग तिकीट 'निकाली' म्हणून बंद. अपडेटमध्ये ती नावंही पुसली गेली आणि त्यांच्या लेखी ही 'सुधारणा' होती. सगळ्यात महाग पडलं ते हेच. लायसन्सचे पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

म्हणून नूतनीकरणाच्या आधी लेखी घ्या: प्रत्येक दस्तऐवजाचा क्रमांक, त्याचा पुंजका, तुम्ही दिलेली नावं, मॉडेलची आवृत्ती, सीड (यादृच्छिक निवडी ठरवणारा सुरुवातीचा आकडा) आणि वगळलेल्या शब्दांची यादी, सगळं साध्या सीएसव्हीत (कुठेही उघडणारी तक्त्याची फाईल), हवं तेव्हा. यावर विक्रेता 'बघू' म्हणाला तर माझ्या मते तिथूनच उठावं. (मी वकील नाही, करार जाणकाराला दाखवा. माझा अनुभवही एकाच कंपनीचा आहे, सगळ्या तशा नसतील.)

जाता जाता, ईमेलच्या तळाची गोपनीयतेची सूचना आणि उत्तरात चिकटलेला जुना मजकूर आधी काढलाय ना? नसेल तर एखादा दिमाखदार पुंजका निव्वळ तळटिपांचा निघेल. वर्ड क्लाउडबद्दल (जास्त वेळा आलेले शब्द मोठे दाखवणारं चित्र) मी बोलतच नाही, तो भिंतीवर लावायला ठीक.

ताळा म्हणून मॅलेट हे मजकूर तपासायचं सॉफ्टवेअर वापरून बघा, फुकट आहे. ते नकाशा काढत नाही, विषय काढतं, पण सीड स्वतः देता येतो. तो शून्यावर ठेवू नका. शून्य म्हणजे ते घड्याळावरून सीड घेतं आणि दर वेळी निकाल थोडा वेगळा येतो.

वरिष्ठांसाठी मात्र आजच एक करा. तीन तुकड्यांतले पन्नासेक ईमेल चिठ्ठ्या टाकून निवडा आणि स्वतः वाचा. तक्रार एकच असेल तर रिपोर्टातलं वाक्य तसंच राहू द्या, फक्त चित्र काढून टाका.