शंका-समाधान : तोबीत शोधूनही का सापडत नाही?

प्रश्न : बहिणीचं लग्न कॅथलिक मुलाशी ठरलंय. मिस्साच्या (कॅथलिक उपासनेच्या) वेळी मला शास्त्रपाठ वाचायचाय आणि चिठ्ठीत ‘तोबीत 8:4-8’ लिहून आलंय. आमच्या घरच्या पवित्र शास्त्रात तोबीत नावाचं पुस्तकच नाही. चूक चिठ्ठीची की छपाईची?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : चूक कोणाचीच नाही. तुमच्या घरी प्रॉटेस्टंट बायबल आहे. त्यात जुन्या कराराची 39 आणि नव्या कराराची 27 अशी 66 पुस्तके असतात. कॅथलिक बायबलात नवा करार तोच, पण जुन्या करारात 46 पुस्तके, म्हणजे एकूण 73. वाढीव सात अशी : तोबीत, यहुदीथ, मक्काबींची दोन, शलमोनाचे ज्ञान, सिराक आणि बारूख. शिवाय एस्तेर व दानीएल यांत जादा मजकूर असतो. हातातली प्रत कोणती हे ओळखायला दानीएल उघडा. अध्याय 12 असतील तर प्रॉटेस्टंट, 14 असतील तर कॅथलिक. कॅथलिक प्रतीत तोबीत नहेम्यानंतर मिळेल.

हा फरक पडला कसा? ही सात पुस्तके ‘सेप्टुआजिंट’ या ग्रीक भाषांतरात होती आणि आरंभीची ख्रिस्ती मंडळी तेच भाषांतर वाचत असे. यहुद्यांच्या हिब्रू शास्त्रात मात्र ती नाहीत. प्रॉटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन लूथरने हिब्रू यादी प्रमाण मानली. तरी त्याच्या 1534 च्या जर्मन बायबलात ही पुस्तके होती. दोन करारांच्या मध्ये, ‘शास्त्राच्या बरोबरीची नव्हेत, पण वाचायला उपयुक्त’ अशा अर्थाच्या शेऱ्यासह. 1611 च्या इंग्रजी किंग जेम्स बायबलातही ती होती. कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत 8 एप्रिल 1546 रोजी ती पूर्ण शास्त्र म्हणून ठरवून टाकली. पुढे 1820 च्या दशकात ब्रिटिश बायबल सोसायटीने ती छापणे बंद केले. मिशनऱ्यांच्या हातून घरोघर पोहोचली ती अशी 66 ची प्रत. कोल्हापुरात रेव्हरंड रॉयल वाइल्डर आले 1852 मध्ये, म्हणजे त्यानंतर. त्यामुळे इथल्या जुन्या प्रॉटेस्टंट घरांत तोबीत नसणे साहजिक आहे.

वाद निव्वळ यादीचा नव्हता. दुसऱ्या मक्काबीच्या 12 व्या अध्यायात मृतांसाठी प्रार्थना आणि अर्पण आहे. कॅथलिक तो आधार मानतात; ते पुस्तकच शास्त्र नाही म्हटल्यावर प्रॉटेस्टंटांच्या लेखी तो आधार उरत नाही.

तुमच्या वाचनात तोबिया आणि सारा लग्नाच्या रात्री उठून प्रार्थना करतात. साराचे आधीचे सात नवरे पहिल्याच रात्री दगावलेले, आणि हे दोघे मागतात काय, तर एकमेकांच्या सोबतीने म्हातारपण. सुंदर उतारा आहे, जरूर वाचा. फादरांकडून वाचनग्रंथातला मजकूर आधी मागून घ्या. फोनवरच्या ॲपमध्ये शोधू नका, तिथले मराठी बायबल बहुधा 66 चेच असते. घरच्यांना अवघड वाटत असेल तर उत्पत्ती 2:18-24 सुचवा. तेही कॅथलिक विवाहविधीत आहे आणि दोन्ही प्रतींत सापडते.

प्रश्न : ‘अल्मा 32:21’ हे विश्वासावरचं वचन कुठल्या बायबलात आहे? मॉर्मन लोकांचं बायबल वेगळं असतं का?
– विद्यार्थिनी, कागल

उत्तर : कुठल्याच बायबलात नाही. अल्मा हे ‘बुक ऑफ मॉर्मन’च्या 15 पुस्तकांपैकी एक. मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी ‘बुक ऑफ मॉर्मन’ 1830 मध्ये न्यूयॉर्क राज्यात प्रसिद्ध केले. सुवर्णपत्र्यांवरच्या लेखाचे हे भाषांतर, असा मॉर्मनांचा विश्वास आहे. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट ते शास्त्र मानत नाहीत. मॉर्मनांचे बायबल मात्र 66 पुस्तकांचेच असते, इंग्रजीत किंग जेम्स. ‘जिथवर भाषांतर बरोबर आहे तिथवर’ ते देवाचे वचन, ही त्यांची अट. जोडीला ‘डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स’ आणि ‘पर्ल ऑफ ग्रेट प्राइस’ धरून चार ग्रंथ होतात.

कॅथलिक आणि प्रॉटेस्टंटांची शास्त्राची यादी बंद झालेली आहे, मॉर्मनांची उघडी. खरा फरक तिथे आहे. 1976 मध्येही त्यांनी दोन प्रकटीकरणे आपल्या शास्त्रात घेतली. वरच्या सात पुस्तकांबद्दलही ‘डॉक्ट्रिन अँड कव्हेनंट्स’च्या 91 व्या प्रकरणात, 1833 चे, उत्तर आहे : त्यांत बरेच खरे आहे, माणसांनी घुसडलेलेही बरेच आहे, भाषांतराची गरज नाही.

तुलना करायची तर प्रभूची प्रार्थना घ्या. मत्तय 6 शेजारी ‘बुक ऑफ मॉर्मन’मधले 3 नेफाय 13 ठेवा. नेफायमध्ये ‘आमची रोजची भाकर’ ही ओळ नाही.

प्रश्न : सांत्वनाच्या उपासनेत जुन्या कॅथलिक पुस्तकातला ‘स्तोत्र 22’ हा संदर्भ घेऊन घरच्या बायबलातून वाचायला उभा राहिलो, तर ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ निघालं. असं का?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : तुम्हाला हवे होते 23 वे, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’. ग्रीक व लॅटिन परंपरेत 9 आणि 10 ही स्तोत्रे एकच धरतात, म्हणून तिथून 147 पर्यंत बहुतेक आकडे एकाने मागे राहतात. शेवटी 147 चे दोन भाग करून 150 पुरे होतात. नव्या कॅथलिक प्रतींत बहुधा हिब्रू आकडेच असतात. दहा आज्ञांचेही तसेच : ‘खून करू नको’ कॅथलिक आणि लूथरन मोजणीत पाचवी, इतर बहुतेक प्रॉटेस्टंटांत सहावी. यापुढे कोणालाही संदर्भ देताना आकड्यासोबत पहिली ओळही लिहून द्या.