'उत्तरार्ध' नेमका कशाचा?

प्रश्न असा आहे: 'द ट्रिप टू इटली' या 2014 च्या विनोदी प्रवासपटाबद्दल 'पूर्वार्ध खुसखुशीत होता, उत्तरार्धात मात्र त्याच त्या नकला' असे लिहिले, तर चालेल का? इथे पूर्वार्ध म्हणजे 2010 चा 'द ट्रिप', आणि उत्तरार्ध म्हणजे त्याचा सीक्वेल.

माझ्या मते चालणार नाही. अडचण 'अर्ध'ची आहे. अर्धा म्हटले की आधी एक अख्खे काहीतरी लागते. शिवाय आपल्या परीक्षणांत उत्तरार्ध म्हणजे मध्यंतरानंतरचा चित्रपट, हे इतके रुळले आहे की वाचक हे वाक्य एकाच चित्रपटाबद्दलचे समजेल. 'बाहुबली'च्या 2017 मधल्या चित्रपटाला कोणी उत्तरार्ध म्हटले तर मी हरकत घेणार नाही. कटप्पाने का मारले, हे लोंबकळत ठेवून 2015 मध्ये गोष्ट मुद्दामच अर्ध्यावर तोडली होती. प्रवासपटात सहल संपते, माणसे घरी जातात, आणि पहिली सहल लोकांना आवडली म्हणून दुसरी निघते. ते कशाचे अर्ध नव्हे.

'उत्तर' मात्र निर्दोष आहे. 'नंतरचे' हा त्याचा अर्थ उत्तरकांडात आहे, भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त आहे. बाणभट्टाची अपुरी 'कादंबरी' त्याच्या मुलाने पुरी केली, त्या भागाला उत्तरभाग म्हणतात. मग 'उत्तरपट' का नको? कारण 'द ट्रिप' घडतो उत्तर इंग्लंडात! म्हणजे उत्तरपट पहिलाच ठरायचा.

'दुसरा भाग' हा सरळ पर्याय, एरवी मी तोच सुचवतो. पण ब्रिटनमध्ये या दोन्ही सफरी सहा-सहा भागांच्या मालिका म्हणून दाखवल्या गेल्या आणि चित्रपट त्यांतूनच कापून बेतले. इथे दुसरा भाग म्हणजे दुसरा एपिसोड असेही कोणी समजेल. तेव्हा 'सीक्वेल' लिहावे. तो शब्द आता सगळ्यांना कळतो, त्याला सोवळ्यात ठेवण्याचे कारण नाही.

'त्याच त्या नकला' हे शब्द मात्र चपखल आहेत. दोन्हींतले प्रमुख विनोदी नट स्टीव्ह कूगन आणि रॉब ब्रायडन यांनी पहिल्यात केलेली ब्रिटिश अभिनेता मायकेल केनची नक्कल गाजली, ती इटलीतही आली. सीक्वेलचे स्वागत एकंदरीत चांगले झाले, तरी पुनरावृत्तीची तक्रार काही समीक्षकांनी केलीच. तिथे 'पहिल्याची री ओढली' असे लिहिण्याचा मोह होईल, पण 'री ओढणे'त स्वतःची अक्कल न वापरता दुसऱ्याच्या मागे जाणे येते. या चित्रपटात तर पात्रेच जेवणाच्या टेबलावर म्हणतात की सीक्वेल कधी पहिल्याइतके चांगले नसतात. जाणूनबुजून केलेल्या अशा पुनरावृत्तीला 'उजळणी' म्हणणे मला जास्त न्याय्य वाटते.