सांधे जास्त लवचिक असलेल्या मुलांच्या जुनाट दुखण्यावर प्रबंध करायचाय. सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की फिजिओथेरपीत मास्टर्स करताय, मुंबईतली १३ ते १८ वयाची मुलं घेणार आहात, आणि बायटन स्कोअर (सांधे किती लवचिक आहेत ते मोजणारे गुण) व दुखण्याचा ० ते १० आकडा यांचा संबंध बघायचाय. बारा वर्षांपूर्वी मी हुबेहूब हेच केलं आणि हात हलवत परत आले, म्हणून उत्तर द्यायला बसले.

बायटन पाच मिनिटांत उरकतो, म्हणून सगळ्यांना आवडतो. करंगळी, अंगठा, कोपर, गुडघा दोन्ही बाजूंचे, शिवाय गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकणं, असे मिळून ९ गुण. खांदा आणि घोटा त्यात नाहीतच, आणि मुलं तक्रार नेमकी त्यांचीच करतात. शिवाय हायपरमोबाइल एलर्स-डॅनलॉस सिंड्रोम, म्हणजे सांधे सैल करणारा आजार, ओळखण्याच्या २०१७ च्या निकषांत वयात येण्याआधी ६ आणि नंतर पन्नाशीपर्यंत ५ अशी रेघ आहे. तुमचा वयोगट या दोन्हींवर पाय ठेवून उभा आहे. कोणती रेघ धरणार ते सिनॉप्सिसमध्येच लिहा, नाहीतर गाइड शेवटच्या महिन्यात विचारतील.

मी एका शाळेत मोजमाप केलं. ८ गुणांची एक मुलगी भरतनाट्यम करायची, दुखणं शून्य. ५ गुणांची दुसरी दादरच्या पुलावर निम्म्या पायऱ्यांवर थांबून कठडा धरायची. सांधा सैल असणं हा आजार नव्हे, हे पुस्तकात वाचलं होतं, पण तक्ता भरताना विसरले. याउलट फक्त ओपीडीत मुलं शोधलीत तर सगळीच लवचिक आणि सगळीच दुखरी भेटतील. शाळेतला न दुखणारा लवचिक गट तुलनेला हवाच.

आता शब्दांबद्दल. 'किती दुखतं?' विचारलं की मुलं '५' म्हणतात आणि खिडकीबाहेर बघतात. 'कसं दुखतं?' विचारा. ठणकतं, चमक निघते, कळ येते, पाय भरून येतात, अंग मोडून येतं, सांधा सरकल्यासारखा वाटतो. ही सगळी एकच तक्रार नाही. सरकतो म्हणणाऱ्याचा प्रश्न बहुधा सांध्याच्या स्थैर्याचा असतो. सगळं अंग मोडून येतं, झोप लागत नाही, असं सांगणाऱ्याची मज्जासंस्थाच जास्त संवेदनशील झाली असण्याची शक्यता मी धरते. रक्ताच्या तपासण्या नॉर्मल येतात, म्हणून ही मुलं 'काही नाही' ऐकून घरी गेलेली असतात. इंग्रजी प्रश्नावली तोंडी भाषांतर करून वापरू नका. मराठीत करून घ्या, मग दुसऱ्याकडून उलट इंग्रजीत, आणि दोन्ही ताडून बघा. कंटाळवाणं आहे, पण मी टाळलं तिथेच फसले.

तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं ते जुनाट, ही व्याख्या ठरलेली आहे. त्यापुढे काय बंद पडलं ते मोजा: किती दिवस शाळा बुडली, पीटीला बसून राहावं लागलं का, पेपर लिहिताना हात थांबतो का, लोकलमध्ये उभं राहता येतं का. यासाठी फंक्शनल डिसेबिलिटी इन्व्हेंटरी ही १५ प्रश्नांची प्रश्नावली मुलांसाठीच आहे. आणि मुलाला एकदा तरी एकट्याला विचारा. माझ्यासमोर एक आई म्हणाली, 'नाटकं करते हो, गणपतीत तर दिवसभर नाचत होती.' नाचली होती खरी, पण नंतरचे चार दिवस अंथरुणात होती, आणि ते कुणी लिहून घेतलं नव्हतं. एकदाच भरलेल्या फॉर्ममध्ये हे दिसत नाही, दोन आठवड्यांच्या डायरीत दिसतं.

पालकांच्या संमतीबरोबर या वयात मुलाची लेखी होकारपत्रंही लागतात, एथिक्स कमिटी पहिलं तेच बघते. मार्फान सिंड्रोम (सांधे सैल करणारा आणखी एक आनुवंशिक आजार) आणि संधिवात वगळायला एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरांना सोबत घ्या.

नोंदी जुलैतच सुरू करा. दिवाळीनंतर दहावीची मुलं हाती लागत नाहीत.