उसाच्या पट्ट्यात साखरेवर कर?

प्रश्न : डॉक्टर, आमचा घरचा ऊस आहे. थंड पेयांवर सरकार ४० टक्के कर घेतं. लठ्ठपणा ज्याचा त्याचा प्रश्न, त्यात सरकारनं कशाला पडावं? नुकसान आम्हा ऊसवाल्यांचंच.
– एक शेतकरी, वाळवा तालुका

उत्तर : दादा, सप्टेंबर २०२५ पासूनचा हा ४० टक्के जीएसटी साखरेच्या प्रमाणावर नाहीच. साखरेऐवजी कृत्रिम गोडी घातलेल्या ‘डाएट’ पेयाच्या बाटलीलाही तोच दर. मग कंपनी साखर कमी करील कशाला? ब्रिटनने २०१८ मध्ये कर साखरेच्या प्रमाणाला बांधला : १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर माफ. कंपन्यांनी मुकाट्याने साखर उतरवली. मला कर हवा तो असा. आणि गंमत बघा, आपल्याकडे त्याच महिन्यात बिस्किटं, फरसाण ५ टक्क्यांवर आली! (भडंगाबद्दल मी बोलणार नाही, सांगलीत राहायचंय.)

तुमच्या उसाचं इथेनॉलही होतं, तेव्हा नुकसानीची काळजी सोडा.

‘ज्याचा त्याचा प्रश्न’ हे मात्र मला पटत नाही. विश्रामबागेत माझ्याकडे सहावीतली पोरं येतात, कंबर बापाएवढी. त्यांनी काय ठरवून खाल्लं? शाळेपासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकायचे नाहीत, असा नियम २०२० पासून आहे. गावातल्या शाळेच्या फाटकापाशी मधल्या सुट्टीत उभे राहा, मोजपट्टी लागणार नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय तुम्हीच मांडा.