व्हर्जिनिया टेकला निघालास? लॅपटॉप घेण्याआधी हे वाच

अभिनंदन! पहिलं सांगणं: सेल दिसला म्हणून आजच काही घेऊ नकोस. अमेरिकेतल्या या युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला येणाऱ्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर हवाच, हा नियम 1984 पासूनचा आहे. नेमका कसला हवा, ते मात्र बदलत राहतं. तुझ्या प्रवेशवर्षासाठी कॉलेजने दिलेली कॉम्प्युटरच्या अटींची यादी काढ. सीनियर दादाचा लॅपटॉप बघून ठरवू नकोस.

मुलं हमखास चुकतात ती इथे:

- मॅकचा मोह. सॉलिडवर्क्स हे मेकॅनिकलवाल्यांचं डिझाइनचं सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनलंय. ब्रँच पहिल्या वर्षानंतर ठरते, म्हणजे आज मेकॅनिकल नको म्हणणारा उद्या तिथेच असू शकतो. विंडोजमध्येही इंटेल किंवा एएमडीचाच प्रोसेसर बघ. एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवाल्या लॅपटॉपांची बॅटरी झकास टिकते, पण इंजिनिअरिंगची काही सॉफ्टवेअर्स त्यांच्यावर रुसून बसतात.
- रॅमवर काटकसर. पातळ लॅपटॉपमध्ये ती बऱ्याचदा बोर्डालाच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. 16 जीबीच्या खाली उतरू नकोस.
- सॉफ्टवेअर आधीच विकत घेणं. युनिव्हर्सिटीचं खातं सुरू झालं की बरंचसं फुकटात मिळतं. दुकानदार गळ्यात मारायला बघेल, सरळ नाही म्हण.

इथून नेणार असशील तर वॉरंटी अमेरिकेत चालते का, ते लेखी घे. चार्जरवर 100–240 व्होल्ट छापलंय ना, मग काळजी नको. पिना तेवढ्या वेगळ्या लागतील.

ग्राफिक्स कार्ड, लिनक्स वगैरे पहिल्या सेमिस्टरनंतर बोलू. आधी बजेट किती ते सांग.