नीतिशास्त्र जगण्यात आणायचं असेल तर

सगळ्या विचारवंतांना एकदम हात घालू नका. सुरुवात प्राचीन ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटलपासून करा. न्यायाने वागत राहिल्यानेच माणूस न्यायी होतो, असं तो सांगतो. म्हणजे सद्गुण सवयीने अंगी बाणतो. म्हणून स्वभावातली एकच बाजू निवडा, समजा राग. त्याच्या मध्यममार्गाचा, म्हणजे अति आणि फार कमी यांच्यामधलं योग्य प्रमाण साधण्याचा, अर्थ कधीच न रागावणं असा नाही. योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य वेळी आणि योग्य तेवढंच रागवायचं. हे सोपं नाही, असं तो स्वतःच म्हणतो. तेव्हा काही महिने याच्यावरच घालवलेत तरी चालेल.

जर्मन तत्त्वज्ञ कांटकडे त्यानंतर वळा. त्याच्या १७८५च्या ग्रंथातला 'माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका' हा नियम मला रोजच्या व्यवहारात सर्वांत उपयोगी वाटतो. सहकाऱ्यापासून अर्धी माहिती लपवून त्याचा होकार मिळवणं इथे नापास होतं, मग परिणाम कितीही चांगला होवो. १७९७च्या निबंधात तो आपल्या मित्राला शोधत आलेल्या खुन्याशीही खोटं बोलू नये म्हणतो. मला ते पटत नाही, पण तेवढ्यासाठी अख्खा कांट टाकून देऊ नका.

इंग्रज तत्त्वज्ञ मिलचा उपयुक्ततावाद, म्हणजे ज्याच्या परिणामांतून सगळ्यांचं मिळून जास्तीत जास्त भलं होतं ते योग्य हा विचार, अनेकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांसाठी राखून ठेवा. मात्र हिशेबात स्वतःच्या सोयीचेच परिणाम आधी सुचतात, म्हणून ज्यांचं नुकसान होणार आहे त्यांना आधी विचारा. आणि हो, या कसोट्या निदान पहिलं वर्षभर दुसऱ्यांना लावू नका.